उजेडात धरून बघा : दहावी-बारावीच्या घरांतली पत्रं

मे महिन्यात येणाऱ्या पत्रांत ‘काय निवडू’ असं विचारलेलं असतं. निकाल लागून पंधरा दिवस झाले की त्याच घरांतून ‘आता काय करू’ असं येतं. मधल्या दिवसांत शेजारी बोलून गेलेले असतात, पाहुणे बोलून गेलेले असतात आणि ज्याचा निकाल आहे तो पोरगा गच्चीवर जाऊन बसलेला असतो. शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून मी ३१ वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर मिरजेत घरी बसून ही पत्रं वाचतो आणि जमेल तेवढ्यांना उत्तर देतो. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

माझ्या मुलाला दहावीला ७१ टक्के मिळाले. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. सासरे आणि दीर म्हणतात, एवढे मार्क असून आयटीआय म्हणजे पोराचं वाटोळं, सायन्सला घाला. आयटीआय नापासांसाठी असते म्हणतात. मी सातवी शिकलेय, मला दोन्हीकडचं कळत नाही. — एक आई, बार्शी तालुका

ताई, आधी नापासांचं बोलणं बाजूला काढू. तालुक्याच्या शासकीय आयटीआयत जा आणि गेल्या वर्षी इलेक्ट्रिशियनची यादी किती टक्क्यांवर थांबली ते विचारा. ७१ टक्क्यांना तो ट्रेड पहिल्या फेरीत मिळेलच, अशी खात्री तिथला माणूस तुम्हाला देणार नाही. हे सासऱ्यांनाही सोबत नेऊन ऐकवा.

आता वर्षांचा हिशोब कागदावर मांडा. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. तो झाला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे आणखी दोन वर्षं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसरं वर्ष, म्हणजे तीन. एकूण सात. अकरावी-बारावी सायन्स करून पदवी केली तर दोन आणि चार, सहा वर्षं. फरक एका वर्षाचा पडतो. पण आयटीआयच्या वाटेवर दुसऱ्या वर्षानंतर हातात एक प्रमाणपत्र असतं, चौथ्यानंतर दुसरं. घरात काही अडचण आली आणि मधेच थांबावं लागलं, तर पोरगा कमावता असतो. नुसती बारावी करून थांबला तर त्याच्या हातात काय राहतं, हे दिरांना विचारा.

आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिसशिप करायची, ती टाळू नका. १९६१च्या कायद्याप्रमाणे त्यात विद्यावेतन मिळतं. तुमच्या अगदी जवळ कुर्डुवाडीला रेल्वेचं वर्कशॉप आहे. मध्य रेल्वे सोलापूर विभागासाठी अप्रेंटिस घेते तेव्हा दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लावते. म्हणजे दीर ज्या ७१ टक्क्यांना वाया गेले म्हणतात, ते तिथे मोजले जातात. महावितरण आहे, एसटीचे डेपो आहेत, पुण्याकडचे कारखाने आहेत.

पण हे सगळं ऐकून लगेच फॉर्म भरू नका. मुलाला कामाच्या जागी पाठवा. गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान असेल, नाहीतर एखादा लायसनधारक वायरिंगवाला. मालकाला सांगा, आठ दिवस पोरगा येईल, पैसे नकोत, फक्त जवळ उभं राहू दे. जळलेल्या मोटारीतून काळी पडलेली तार उपसायची, खाचा साफ करायच्या, नव्या तारेचे वेढे मोजत घालायचे. एक वेढा चुकला की पुन्हा. उकाडा, वॉर्निशचा वास, पाठ अवघडणं. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याला ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘आज काय केलंस’ एवढंच विचारा. तो हात हलवून दाखवत सांगायला लागला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आमच्या ट्रेडला पहिला महिना फक्त कानस असते. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा बाकावरच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळायचा आणि घासत राहायचं, बाजू सपाट आणि काटकोनात येईपर्यंत. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे आपला गुण्या, लावून तुकडा उजेडात धरायचा. पट्टी आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचं. हाताला फोड येतात. काही मुलं दहाव्या दिवशी यायची बंद होतात. काही मुलं मात्र मधल्या सुट्टीतही तुकडा खिडकीशी नेऊन बघत बसतात. दहावीच्या मार्कांवरून यातला कोण कुठला, हे मला एकदाही ओळखता आलं नाही. ८० टक्क्यांची मुलंही गेली, ४२ टक्क्यांची राहिली.

दोन गोष्टी सांभाळा. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तोच ट्रेड टाका जो नक्की हवा आहे, कारण पहिल्या पसंतीचं मिळालं की तो प्रवेश घ्यावाच लागतो. आणि खासगी आयटीआय असेल तर प्रवेशाआधी वर्कशॉप उघडायला लावा. यंत्रं आहेत का, वीज चालू आहे का, शिकवणारा माणूस रोज येतो का, तो ट्रेड केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी (डीजीटी) संलग्न आहे का, हे बघा. धूळ बसलेलं यंत्र लगेच ओळखू येतं, त्याला शिक्षण लागत नाही.

माझी मुलगी १९ वर्षांची. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, पहिल्यांदा ३१८, दुसऱ्यांदा ४३१. तिसऱ्यांदा द्यायची म्हणते. लातूरच्या क्लासचे आणि होस्टेलचे पैसे मी सोसायटीचं कर्ज काढून भरलेत. आता पुन्हा तेवढे नाहीत. ती कुणाशी बोलत नाही, नीट जेवत नाही. मी नाही म्हटलं तर आयुष्यभर बाप आडवा आला असं तिला वाटेल. काय करू? — एक वडील, नांदेड जिल्हा

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मार्क आहेत, कर्ज आहे, पण मुलगी काय म्हणाली त्याचं एकच वाक्य आहे. म्हणून पहिलं काम कागदाचं नाही. तिच्याजवळ बसा आणि एवढंच सांगा की डॉक्टर झालीस तरी आणि नाही झालीस तरी या घरातली तुझी जागा तीच आहे. हे एकदा सांगून पुरत नाही, पुन्हा सांगावं लागतं. ती न जगण्याची भाषा करत असेल, किंवा तुम्हाला तसा नुसता संशय जरी आला, तर १४४१६ हा सरकारचा टेलीमानस क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. त्यात लाज बाळगू नका.

आता आकडे. २०२५ साली देशभरात २२ लाखांवर मुलांनी नीट दिली. त्यातली १२ लाखांवर ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊ मुलांना एमबीबीएस मिळतच नाही. ही नऊ मुलं आळशी नव्हती. जागाच नव्हत्या. हे गणित क्लासच्या फलकावर कधी लिहिलेलं नसतं, तिथे निवड झालेल्यांचे फोटो असतात. लातूरच्या पॅटर्नने गरिबाघरची कितीतरी मुलं डॉक्टर केली, हे मी मानतो. पण फोटोत नसलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

नीटला कितीही वेळा बसता येतं, वयाचीही वरची अट नाही. म्हणून किती वेळा हे घरालाच ठरवावं लागतं.

मार्कांकडे बघू नका. पेपर सोपा-अवघड होतो तसे मार्क हलतात. तिचा राज्यातला क्रमांक बघा आणि सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षी तुमच्या प्रवर्गात कुठल्या कॉलेजची यादी कुठल्या क्रमांकावर बंद झाली, त्याच्याशी ताडून बघा. नेट कॅफेत तासाभराचं काम आहे. याच नीटच्या गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचे प्रवेश होतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याची सीईटी वेगळी. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, नागपूरच्या विद्यापीठाखाली परभणीला आणि उदगीरला कॉलेजं आहेत, दोन्ही तुमच्यापासून लांब नाहीत. मराठवाड्यात जनावरांचा डॉक्टर किती वेळा वेळेवर मिळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

फीचं एक लक्षात ठेवा. २०२४-२५पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. एखादा दलाल ‘सीट करून देतो’ म्हणत आला तर त्याला चहाही देऊ नका.

तिसऱ्यांदा द्यायचीच असेल तर मी एवढंच म्हणेन : या वर्षी जिथे प्रवेश मिळतोय तिथे तो घेऊन मग घरून द्यावी. ३१८वरून ४३१ला आलेली मुलगी अभ्यास कसा करायचा ते शिकली आहे. तिला आता होस्टेलची गरज नाही, जुने पेपर आणि घड्याळ लागतं. पुन्हा कर्ज काढू नका. हे ‘नाही’ तुम्ही तिला आकडे समोर ठेवून सांगितलंत, तिला सोबत बसवून हिशोब दाखवलात, तर तिला तो बापाचा आडवेपणा वाटणार नाही. मुलांना घरातलं कर्ज माहीत असतं. आपण लपवतो म्हणून ती एकटीने त्याचं ओझं वाहतात.

मी बारावी आर्ट्स आहे, ५८ टक्के. मला नर्स व्हायचंय. मैत्रिणी म्हणतात सायन्स नाही तर होणारच नाही. — एक विद्यार्थिनी, चिपळूण

होतं बाळा. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते तुला नाही. पण जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा कुठल्याही शाखेच्या बारावीला चालतो. इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत. तुझ्याकडे ५८ आहेत. पुढे नोकरी करत पोस्ट बेसिकची पदवीही करता येते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते बघ. सहा महिन्यांत ‘नर्स’ करणारे वर्ग प्रत्येक बसस्टँडजवळ असतात. त्या कागदावर तुझी नोंदणी होणार नाही. आणि एक रात्र, खरोखर एक पूर्ण रात्र, ओळखीच्या दवाखान्यात थांबून बघ. पहाटे चार वाजता वॉर्ड कसा असतो हे बघून जी मुलगी सकाळी पुन्हा ‘हेच करायचं’ म्हणते, तिला कुणी अडवू नये.

मी २० वर्षांचा, बारावी झालोय. पोलीस भरतीची तयारी करतो, एकदा लेखीत गेलो. एफवायबीए सोडलं कारण ग्राउंडला वेळ मिळेना. वडील म्हणतात बास आता, पुण्याला कंपनीत जा. पण वर्दीशिवाय मला काही दिसत नाही. सैन्यात अग्निवीर म्हणून जाऊ का? — एक तरुण, बीड जिल्हा

मित्रा, पहाटे साडेचारला उठून पळणाऱ्या पोरांना मी कधीच वाया गेलेलं म्हणणार नाही. मिरजेच्या स्टेशन रोडला मी फिरायला निघतो तेव्हा तुझ्यासारखी दहाबारा जण भेटतात. काहींच्या पायांत एकच बूट जोड तीन वर्षांचा असतो.

पण तू एफवायबीए सोडलंस ते मला पटलेलं नाही. मैदानी ५० गुणांची : १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. लेखी १०० गुणांची. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान, मराठी व्याकरण. तू लेखीत गेलास. म्हणजे दीडशेतले शंभर गुण जिथे आहेत तिथे कमी पडलास आणि त्याच्यावर उपाय म्हणून पुस्तकंच सोडलीस. अकॅडमीत दिवसाचे पाच तास मैदानावर जात असतील तर तो तुझ्या शरीराचा नाही, अकॅडमीच्या वेळापत्रकाचा हिशोब आहे. धावण्यात ठरावीक वेळेच्या आत आल्यावर पूर्ण गुण मिळतात. त्याच्या पुढे दोन सेकंद कमी केलेस तरी एकवीस मिळत नाहीत.

भरती दरवर्षी निघतेच असं नाही. खुल्या प्रवर्गाला २८ वर्षांपर्यंत संधी आहे, मागास प्रवर्गांना आणखी पाच वर्षं. ही सवलत म्हणून चांगली आहे, पण हिलाच धरून बसलेली तिशीची मुलं मी बघितली आहेत. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची अशीच. त्यांच्यात हुशारी कमी नव्हती. किती जाहिराती बघायच्या आणि मग काय करायचं, हे त्यांनी सुरुवातीला कुणाशी बोलून ठरवलं नव्हतं.

तू वडिलांशी बोलून ठरव. माझ्या मते दोन जाहिराती. तोवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए चालू ठेव. रोज वर्गात जावं लागत नाही आणि पदवी झाली की पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेचंही दार उघडतं. दुपारचे चार तास पैसे मिळतील असं काहीतरी काम कर, बूट आणि फॉर्मचे पैसे तुझे तू काढ. बापाचा अर्धा राग तिथेच उतरतो.

अग्निवीरचं तू शेवटी विचारलंयस. चार वर्षांची सेवा आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. जायचं तर चार वर्षांनंतर काय, याचा कागद आधी लिहून जा.

बारावी सायन्स ६४ टक्के. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, मला तीच करायची आहे. वडील म्हणतात मी मेलो ते बास झालं, तू नोकरी बघ. आई म्हणते शेतकऱ्याला पोरगी कोण देणार. — एक तरुण, तासगाव तालुका

तुझं गाव माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे या पत्रातली बाग मला डोळ्यांसमोर दिसते. आधी वडिलांच्या बाजूने बोलतो. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पाऊस त्यांनी बघितला आहे. फळछाटणी होऊन घड बाहेर पडलेले, आठवडाभर ऊन नाही, आणि दावण्या या बुरशीच्या रोगाने घडच्या घड गळून गेले. रात्री बॅटरी घेऊन औषध मारणारी माणसं मी त्या वर्षी रस्त्यावरून जाताना पाहिली. ज्याने हे भोगलं तो मुलाला यापासून लांब ठेवू बघतो. त्याला भित्रा समजू नकोस.

तुला बाग आवडते हे खरं असेल. पण तू ती कधी पूर्ण केली आहेस का? पाणी सोडणं, ट्रॅक्टरवर बसून ब्लोअर मारणं म्हणजे बाग करणं नाही. म्हणून तुला एक वही सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत बागेत गेलेला प्रत्येक रुपया त्यात लिही. छाटणीची मजुरी, खत, प्रत्येक फवारणीचं औषध, जीए या संजीवकाच्या बुडवण्या, विरळणीच्या बायकांचे दिवस, डिझेल, पेटी, हमाली, आणि बँकेचं व्याज. वडिलांच्या स्वतःच्या श्रमाचीही मजुरी धर, ती कुणीच धरत नाही. शेवटी चार किलोच्या पेटीमागे काय उरलं ते काढ. बेदाणा केला असता तर तासगावच्या सौद्यात काय उरलं असतं, तेही शेजारी लिही. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हे तुला शाळेत सांगितलं असेल. पण तुमच्या शेडमधला बेदाणा कोणत्या प्रतीत बसतो, हे सौद्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

ही वही लिहीत असताना शिक्षण सोडायचं नाही. बीएस्सी ॲग्रीला सीईटीतून जाता येतं. राहुरी, दापोली, परभणी, अकोला ही चार कृषी विद्यापीठं आहेत, त्यांच्याशी जोडलेली कॉलेजं तुमच्या भागातही आहेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली प्रशिक्षणं बघ. आणि बागेच्या भोवतीची कामं डोळे उघडून बघ. युरोपला माल जायचा तर बागेची नोंदणी लागते, औषधाच्या अंशाची तपासणी लागते, पॅकहाउस लागतं, कोल्ड स्टोरेज लागतं. त्या तपासणीच्या प्रयोगशाळेत पगारी माणसं असतात, पॅकहाउसला असतात. साडेतीन एकर आणि त्यांतली एक नोकरी, असं घर तुमच्या तालुक्यात चालतं. पाऊस आला तरी त्या घराची चूल पेटते.

आईच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ती जे म्हणते ते तुमच्या भागात घडतंय, मी रोज ऐकतो. पण मुलीच्या बापाला शेतीची जितकी धास्ती असते तितकीच हिशोब नसलेल्या घराची असते. वही भरली की पहिल्यांदा ती आईला वाचून दाखव.

मुलगी बारावी सायन्सला आहे. जातीच्या दाखल्याचं निकालानंतर बघू म्हटलं तर चालेल का? — एक पालक, वाशीम

नाही. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश हवा असेल तर दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करायला कॉलेजचं पत्र लागतं. आजोबा-पणजोबांचे शाळेचे उतारे शोधण्यात महिने जातात. आजच कामाला लागा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपणारी असते, तीही बघा. आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर नाव अक्षरशः एकच आहे का, हेही आत्ताच तपासा. एका वेलांटीपायी फेरी हुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

सर मी दहावीत गणित आणि विज्ञानात गेलो. सध्या टू-व्हीलर गॅरेजला जातो. शेठ म्हणतात हात चांगला आहे, मी टॅपेट सेट करतो. पण घरी सगळे म्हणतात तू संपलास. पुढे काही होईल का? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

बाळा, तू संपलेला नाहीस. दोन विषय राहिले आहेत, त्यांची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच जून-जुलैत असते. फॉर्म शाळेतूनच भरला जातो. एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीलाही बसता येतं. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा काही ट्रेडना आयटीआयत दहावी नापासही चालतो. म्हणजे आज, या निकालावर, तुझ्यासमोर तीन दारं उघडी आहेत. पण मी तुला आधी गणित सोडवायला सांगणार आहे. डिझेल मेकॅनिक, मोटार मेकॅनिक या ट्रेडना दहावी पास लागते आणि तुझा हात तिकडचा आहे.

टॅपेट सेट करतोस म्हणजे फीलर गेज, फट मोजायची ती पातळ पोलादी पानं, वापरतोस. पानावर ०.०८ लिहिलेलं असतं, ०.१० लिहिलेलं असतं. ते पान व्हॉल्व्हच्या फटीत सरकवल्यावर किंचित अडकत जायला हवं, हे तुझ्या बोटांना कळतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग तू रोज हाताळतोस. ज्याला ०.०८ आणि ०.८ यांतला फरक इंजिनाच्या आवाजावरून सांगता येतो, त्याला दशांश येत नाही असं मी मानणार नाही. तुला ते कागदावर कुणी नीट दाखवलं नसेल.

३५ गुण काढायचेत. बीजगणितात सांख्यिकी, संभाव्यता आणि अर्थनियोजन ही तीन प्रकरणं आधी घे, शाळेतल्या बाईंना गाठून रोज एक तास माग. त्या नाही म्हणणार नाहीत. मुलगा स्वतःहून आला की कुठल्याच शिक्षकाला नाही म्हणवत नाही. शेठना सांग, परीक्षेपर्यंत संध्याकाळी सहाला सुट्टी द्या. हात चांगला आहे म्हणणारा माणूस तेवढं करेल.

आणि आज रात्री गॅरेजमधून स्पेअर पार्टचं एक जुनं बिल घरी आण. त्यावर वस्तूची किंमत असेल, करदर असेल, सीजीएसटी आणि एसजीएसटीचे दोन रकाने असतील आणि खाली एकूण. किंमत आणि करदर ठेवून बाकीचे आकडे हाताने झाक आणि वहीत ते काढून बघ. अर्थनियोजनाच्या प्रकरणातलं उदाहरण तेच आहे. उत्तर बरोबर आलं का ते बिलावरचा हात काढला की कळेल.